आजच्यापुरता श्वास

निलगिरीच्या तेलाची बाटली उघडली, की कॉन्व्हेंटात शिकत असतानाची सोलापूरची एक दुपार आठवते. माझ्या दम्यासाठी चर्चमधल्या बायका दर रविवारी प्रार्थना करत. ‘बरं वाटतंय ना?’ असं त्यांनी विचारलं, की प्रार्थना फुकट गेली असं वाटू नये म्हणून मी छातीची घरघर लपवायला श्वास कोंडून मान हलवायची.

त्या दुपारी शेजारच्या मार्थामावशी चादरीच्या कारखान्यातून थेट आल्या. पदराला लागलेला कापूस त्यांनी दारातच झटकला. छातीला तेल चोळताना त्या थांबल्या. ‘दम कशाला कोंडतीस गं? देवाला फसवतीस व्हय?’

मग डोळे मिटून म्हणाल्या, ‘प्रभू, पोरीला आजच्यापुरता श्वास दे. उद्याचा मागायला उद्या येते की मी.’

मी श्वास सोडला. छाती मनसोक्त घरघरली. दमा अजूनही आहे. बरी झाल्याचं सोंग मात्र त्या दुपारीच सुटलं.