म्हशीला ऐकवलेली हाक

काका गेले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या म्हशीनं पेंढा सोडला. पुढे टाकला की हुंगायची आणि कुंपणाच्या फाटकाकडे बघत राहायची. तेराव्यापर्यंत बरगड्या मोजता याव्यात अशी झाली. गुरांच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, आजार काहीच नाही.

"तिला हाक पायजे," काकी म्हणाली. "हे रानातनं आले की फाटकातनं हाक मारायचे, मंगच ती तोंड लावायची. तू मारून बघ."

मी मारली. म्हशीनं माझ्याकडे पाठ केली. मुरबाडच्या ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, ही बातमी टोकावड्याजवळच्या आमच्या गोठ्यापर्यंत पोचली असावी.

मग आठवलं की काकांची हाक माझ्याकडे आहे. वाशिंदला माझ्या मेव्हण्यानं नवा कॉम्प्युटर घेतला होता, तो बघायला काकाही आले होते. मेव्हण्यानं चेष्टेत माईक पुढे धरून त्यांची हाक रेकॉर्ड केली. नव्या मशीनवर फाइलला मराठीत नाव देता येतं, या कौतुकात नाव ठेवलं 'काकांची हाक'. मी माझी हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून गाणी भरायला नेली होती, त्यात हाकही भरून आली. पुढे त्यानं आपलं मशीन फॉरमॅट केलं. राहिली ती एवढीच.

पण माझा कॉम्प्युटर जुना, मराठी नाव त्याला वाचता येईना. फोल्डर उघडलं, तर गाण्यांच्या खाली नावाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. शेजारी फाइल केवढी आहे ते बरोबर दिसत होतं. उघडायला गेलो, तर अशी फाइल सापडत नाही म्हणून पाटी आली. नाव बदलू म्हटलं, सापडत नाही. कॉपी करू म्हटलं, तरी तेच.

काकी पदर कमरेला खोचून मागे उभी होती. "समोर दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मंग नाय का म्हनतंय?"

मी पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तीच पाटी. एरवी मी कॉम्प्युटरवर अर्धा तास बोलू शकतो, कोणी विचारलं नाही तरी. पण त्या रेघांवर मी नुसता माउस फिरवत राहिलो. आत माणूस होता, आणि मशीन म्हणत होतं इथे कोणी नाही.

"याला नाव घेता येत नाय गो काकी, म्हणून अडलंय."

"हात् मेल्या! मी तरी कुटं जन्मात नाव घेतलं यांचं? माजं अडलं का?"

मी हसलो आणि मेव्हण्याला फोन लावला. तोही तेच म्हणाला, फक्त कॉम्प्युटरच्या भाषेत. "भावजी, डॉसच्या काळ्या खिडकीत यादी काढा. अशा प्रत्येक फाइलला मशीन मागच्या मागे स्वतःचं आखूड नाव ठेवतं. त्या नावानं धरा आणि मग बदला."

यादी आली. डाव्या कडेला चार इंग्रजी अक्षरं-आकडे, एक नागमोडी रेघ, पुढे एकाचा आकडा. इतके दिवस काका आमच्या घरात या नावानं राहत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी ते जपून टाइप केलं, पुढे इंग्रजीत 'काका' लिहिलं, एंटर मारलं. कॉम्प्युटरनं मुकाट्यानं ऐकलं.

दिवेलागणीला स्पीकरची वायर ओढून गोठ्याच्या खिडकीत ठेवली आणि फाइल लावून मी धावत बाहेर आलो. आधी पंख्याची घरघर, मग काकांचा खोकला, मग, "हो… हो गो… ये बाय, ये!"

म्हशीचे कान उभे राहिले. स्पीकर तिच्या नाकाशी होता, तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फाटकाकडे बघत होती.

शेवटी काकांचाच आवाज आला, "झालं का रे? आता जाऊ का घरला?" हे ते बोलले होते, हे मी साफ विसरलो होतो.

रेकॉर्डिंग संपलं. म्हैस अजून तिकडेच बघत होती. मग तिची मान फाटकापासून गव्हाणीपर्यंत हळूहळू वळत आली, चालत येणाऱ्या थकलेल्या माणसाकडे बघत राहावं तशी. गव्हाणीपाशी येऊन थांबली आणि तिनं पेंढ्यात तोंड घातलं.

मला काकीकडे बघून हसायचं होतं. तिनं कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला होता, काका रानातनं घरी आले की घ्यायची तसा.

"जरा बाजूला सर रे," ती हळूच म्हणाली. "वाटंत उभा हायस."