काचेपलीकडची सोंड

गुरुनाथ देवधरांनी अमेरिकेत, हर्नडनमध्ये उभी हयात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एकट्या रत्नाबाई उरल्या. मग त्यांनीच नवऱ्याला रंगीत काचकामाच्या गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या मंडळात, नेऊन घातलं.

गिल्ड शंभर वर्षांहून जुनी, चर्चच्या खिडक्या घडवणाऱ्या कारागिरांनी काढलेली आणि तितकीच हट्टी. उमेदवाराने स्वतःच्या हाताने काचेत एक चित्र घडवायचं, ते गिल्डच्या रस्त्याकडच्या खिडकीत वर्षभर लावायचं, मग सभासदांनी मत द्यायचं. मध्येच उतरवलं तर उमेदवारी बाद. गुरुनाथांना हे सभासदत्व हवंच होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारले, आपल्या हातचं म्हणून दाखवायला काहीच नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

त्यांनी गणपती केला. डाव्या सोंडेचा, कारण उजव्याचं सोवळंओवळं कोण सांभाळणार? काच कापताना बोटं रक्ताळली, शिशाच्या पट्ट्या वाकवताना कंबर धरली. पण बाप्पा साजरे उतरले. खिडकीत बसवल्यावर गुरुनाथांनी आतून डोळे बारीक करून कोपरा न् कोपरा तपासला. एक चूक सापडेल तर शपथ.

संध्याकाळी ते रत्नाबाईंना मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले. आत दिवे लागले होते आणि बाप्पा रस्त्यावरूनच झळकत होते. रत्नाबाईंनी हात जोडले आणि तशाच खिळून राहिल्या.

"अहो, हा तर उजव्या सोंडेचा!"

काच दोन्ही बाजूंनी दिसते, एवढंच टेस्टरसाहेबांनी टेस्ट केलं नव्हतं.

"बाबा, रिलॅक्स, इट्स जस्ट ग्लास," मुलगी इशिता फोनवर म्हणाली.

"ग्लास असेल तुझ्या घरी," रत्नाबाई कडाडल्या. "कडक दैवत आहे ते. उतरवा तरी, नाहीतर रोज साग्रसंगीत पूजा करा."

उतरवणं शक्यच नव्हतं. घरच्या देवाला कधी फूल न वाहिलेला हा गृहस्थ मग रोज सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, वर जाडजूड जाकीट चढवून बर्फातून ड्राइव्ह करू लागला. काच पुसायची, लाल फूल वाहायचं, मोबाइलमध्ये बघत अथर्वशीर्ष म्हणायचं, नैवेद्य दाखवायचा. गिल्डच्या अध्यक्ष मार्थाबाई कॉफी पीत हे सगळं बघत. भारतात काचेची निगा अशीच राखतात, अशी त्यांनी सर्वांची समजूत करून दिली होती. गुरुनाथांनी ती मोडली नाही.

वर्ष सरलं. मतदान झालं. मार्थाबाई उठल्या. स्वतःच्या कामाची इतकी देखभाल करणारा कारागीर गिल्डने आजवर पाहिला नाही, त्या म्हणाल्या. गुरुनाथ एकमताने सभासद झाले होते. शिवाय गिल्डचा सर्वांत मोठा मान त्यांना दिला जात होता: हे चित्र आता त्या खिडकीतून कधीच हलणार नाही.

गुरुनाथांचे डोळे आनंदाने भरून आले. 'कधीच' हा शब्द डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. त्यांनी वळून बघितलं, तर सगळ्यांत जोरात टाळ्या रत्नाबाईच वाजवत होत्या.

"उद्या चतुर्थी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "लवकर उठा. मोदक मी करून देते."