तिसरी दरी आणि हमीदचाचांचा आरसा

खन्नासाहेब तिसऱ्या दरीत अकराव्यांदा पडले आणि त्यांनी हातातला गेमचा रिमोट टेबलावर आपटला.

"मैंने दबाया था," ते म्हणाले.

आमच्या गेमला पैसा पुरवणारे ते, दिल्लीच्या ऑफिसात भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीसमोर बसले होते. आमच्या गेम स्टुडिओचा प्रमुख अनिरुद्ध पुण्यात होता, आणि मी जवळा बाजार या माझ्या गावी, घरी लॅपटॉपसमोर. बाजाराचा दिवस होता. बाहेर लसूणवाल्याचा भोंगा सुरू होता म्हणून मी कॉल म्यूटवर ठेवला होता. ते बरंच झालं, कारण त्याच क्षणी मी मोठ्याने म्हणाले होते, नाचता येईना अंगण वाकडं.

माझं काम सांगते. व्हिडिओ गेममध्ये पात्र कसं पळतं, किती उंच उडतं, किती जोरात खाली येतं, हे मी ठरवते आणि त्याचा कोड लिहिते. आमचा गेम साइड-स्क्रोलर होता. म्हणजे पात्र डावीकडून उजवीकडे पळतं आणि चित्र त्याच्याबरोबर आडवं सरकतं. गोदा नावाची मुलगी हरवलेलं वासरू शोधत कड्यांवरून उड्या मारत जाते, एवढीच गोष्ट. आमच्या लहानपणी कॅसेटचे गेम असेच असायचे. खन्नासाहेबांना तेच हवं होतं. चित्रं नवी, मजा जुनी.

जुनी मजा आणायची जबाबदारी मी छाती पुढे काढून घेतली होती. मी कॅसेटच्या गेमवर वाढलेली. मी एक जुना गेम घेतला, त्यातली उडी एकेक चित्र थांबवून मोजली आणि तंतोतंत तीच गोदाला दिली. टीममधल्या दोघांनी विचारलं होतं, आजकालचे गेम खेळाडूला थोडी सूट देतात, आपण द्यायची का? मी म्हणाले, जुन्या गेममध्ये सूट नव्हती. पाय काठावर असेल तर उडी, नसेल तर दरी. विषय संपला.

आणि आता ज्या माणसाने सगळं लहानपण तसल्याच गेममध्ये घालवलं होतं, तोच आमच्या गेममध्ये उडी मारू शकत नव्हता. कॉल सोडताना खन्नासाहेब शांतपणे सांगून गेले की पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा खेळतील. तेव्हाही असंच वाटलं तर गेम इथेच बंद. दोन वर्षांचं काम होतं ते.

अनिरुद्धने कॉल सुरूच ठेवला. त्याचं म्हणणं, सगळ्या दऱ्या अरुंद करू. मी म्हणाले, मग ती दरी राहणार नाही, गटार होईल. तो म्हणाला, "वंदना, उडी तुझी आहे. शुक्रवारपर्यंत तूच काय ते कर."

माझ्या मॉनिटरवर मी तिसरी दरी वीस वेळा ओलांडली. एकदाही पडले नाही. त्यामुळे राग आणखी वाढला. पण 'मैंने दबाया था' हे वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ते मी पूर्वी शेकडो वेळा ऐकलं होतं. मराठीत, आणि हमीदचाचांच्या दुकानात.

हमीदचाचा टीव्ही मेकॅनिक. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. आम्ही शाळेत होतो तेव्हा त्यांनी दुकानातच एक टीव्ही आणि कॅसेटचा गेम मांडला होता. नियम एकच होता, बाद झालं की रिमोट पुढच्याच्या हाती. मग बाद झालेला ओरडणारच, "म्या दाबलं होतं!" आणि मागचे ओरडणार, "न्हाई दाबलं!" निकाल चाचा द्यायचे. ते आमच्याकडे पाठ करून कुणाचा तरी टीव्ही उघडून बसलेले असायचे. टीव्ही मागून दुरुस्त करताना पुढचा पडदा दिसावा म्हणून मेकॅनिक समोर आरसा ठेवतात. त्याच आरशात त्यांना आमचा गेम दिसायचा आणि कानाला बटणाचा 'टक' ऐकू यायचा. टक आधी की पडणं आधी, एवढंच ते सांगायचे. त्यांच्या निकालावर अपील नव्हतं. मी स्वतः त्यांच्या शब्दावर कितीदा तरी रडत रिमोट सोडला आहे.

लॅपटॉप आणि रिमोट पिशवीत घालून मी दुकानात गेले. चाचा आता साठीपलीकडचे. दुकानात त्यांच्या मुलाने भिंतीवर मोठा एलईडी टीव्ही लावला आहे. जुना डबा टीव्हीही कोपऱ्यात चादरीखाली आहे, कॅसेटच्या गेमसकट. चाचा जुनं काही फेकत नाहीत, हे आमच्या गावाचं नशीब.

मी लॅपटॉप एलईडीला जोडला आणि खेळायला लागले. पहिली दरी पार, दुसरीत काठावर वाचले, तिसरीत पडले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "मी दाबलं होतं!"

चाचा नेहमीसारखे पाठ करून बसले होते. आरशातूनच बघत होते.

"व्हय, दाबलं होतं," ते म्हणाले. "तू बराबर दाबून राहिली, बेटा. तुझी पोरगीच उशिरा उडून राहिली. टक आधी होतो, पोरगी मागून हलते."

मी रिमोट खाली ठेवला.

"आन् जुन्यात?" मी विचारलं.

त्यांनी उठून चादर काढली, कॅसेट फुंकून बसवली. डबा टीव्ही गरम व्हायला वेळ लागला. मी बटण दाबलं. टक आणि उडी एकदम. माझ्या बोटालाच स्प्रिंग लावल्यासारखी.

"ह्यो गेम लई मारायचा लेकरायला," चाचा म्हणाले. "पण लबाडी न्हाई करायचा. म्हणून तर कुणी भांडून दुकान सोडलं न्हाई."

मग मी मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा लावला. अंगठा आणि पडदा एकाच चित्रात येतील असा, आणि दोन्ही टीव्हींवर उड्या मारून शूटिंग केलं. चाचांचा कान खरा ठरला. डबा टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवतो. नवा टीव्ही आधी ते चित्र स्वच्छ करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. नटून यायला त्याला वेळ लागतो. आमचा गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, आणि त्या टीव्हीवर प्रत्येक चित्र पाच-सहा चित्रांइतकं उशिरा पोहोचत होतं. बातम्या बघताना हे कुणाला कळणारही नाही. पण गोदा पडद्यावर काठावर दिसायची तेव्हा गेमच्या हिशोबाने ती काठ सोडून खाली निघालेली असायची. खेळाडू जे दिसतं ते बघून बरोबर वेळी बटण दाबणार, आणि माझा कोड त्याला सांगणार, उशीर झाला. खन्नासाहेबांच्या टीव्हीवरही हेच होत असणार. माझ्या घरचा मॉनिटर महागडा आणि झटपट, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

मी जुन्या गेमची उडी मोजून आणली होती. ज्या टीव्हीवर ती उडी शोभायची तो टीव्ही मात्र चादरीखाली राहिला होता. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मीच सारवलं होतं. लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला, कारण आता दुखणं सापडलं होतं.

तिथूनच अनिरुद्धला फोन लावला. आधी चूक माझी आहे हे सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग खन्नांना टीव्हीचा गेम मोड चालू करायला सांगू. चित्र लवकर येईल."

"आणि बाकीच्या गिऱ्हाइकांच्या घरी सेटिंग बदलायला कोण जाणार? तू?"

तो हसला. म्हणाला, कर तुला काय करायचंय ते.

मी दोनच गोष्टी केल्या. काठ सुटल्यावरही सहा चित्रांपर्यंत बटण दाबलं तर उडी मान्य. आणि जमिनीला पाय टेकण्याआधी जरा लवकर दाबलं, तर गेमने ते लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडवायचं. दरी एका बोटानेही अरुंद केली नाही. ज्या सवलतीला मी वर्षभर नाक मुरडत होते, तीच होती ही. आजकालचे गेम लेकरांचे लाड करतात असं मला वाटायचं. ते लाड नव्हते, टीव्हीने खाल्लेला वेळ ते खेळाडूला परत देत होते. गुरुवारी मी चाचांकडे पुन्हा खेळले. त्यांनी आरशात दहा उड्या पाहिल्या आणि म्हणाले, "आता बराबर हाय." मग पुन्हा सोल्डरिंगला लागले.

शुक्रवारी खन्नासाहेब दिल्लीतल्या त्याच टीव्हीसमोर बसले. पहिली दरी पार केली, दुसरीही केली. तिसरीपाशी त्यांनी गडबड केली, काठाच्या बरंच आधी उडाले आणि थेट खाली.

"अरे," ते म्हणाले, "ये तो मेरी गलती थी. एक बार और."

मी म्यूटवर होते, म्हणून माझी किंकाळी दिल्लीपर्यंत गेली नाही. शेजारच्या काकू मात्र काय झालं ते बघायला आल्या. खन्नासाहेब पाऊण तास खेळले. शेवटी त्यांच्या सेक्रेटरीने दुसऱ्या मीटिंगची आठवण करून दिली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं आणि नजर न हटवता म्हणाले, पुढच्या लेव्हल पाठवा. अनिरुद्धने मला मेसेज केला, 'रिमोट सोडत नाहीये हा माणूस.'

गेम बाजारात आला, चांगला चालतोय. खेळाडू लिहितात की उडी अगदी जुन्या गेमसारखी आहे. मी कुणाचा गैरसमज दूर करत बसत नाही.

या धंद्यात मी एकच गोष्ट शिकले. खेळाडू 'मी दाबलं होतं' म्हणाला, तर आधी ते खरं धरायचं आणि मग त्याचा टीव्ही बघायला जायचं. कोडमध्ये त्या सहा चित्रांच्या सवलतीला नाव द्यावं लागतं. मी 'चाचा' दिलं आहे. नव्या पोरांनी ते बदलू का म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हणाले. त्या निकालावर अपील नाही.