लिस्बनच्या आठ कॉप्या

शौकत झटामनं अर्धं जेद्दा युरोपात पाठवलंय. स्वतः मात्र चोपन्न वर्षांचा होईपर्यंत विमानात बसला तो फक्त मुंबईला जायला.

जेद्दाच्या शरफिया भागात त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गोल स्टूल, मागे पांढरा पडदा, आणि आरशाला सुतळीनं बांधलेला सार्वजनिक कंगवा. इकाम्याचा, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचा फोटो, पासपोर्टचा फोटो, युरोपच्या व्हिसाचा फोटो. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो तीनच वाक्यं बोलला असेल. "हनुवटी खाली. कान दिसू दे. हसायचं नाय." बँकेचा मॅनेजर असो की रास अल खैरच्या प्लँटवर निघालेला वेल्डर, त्याच्या स्टुलावर सगळे सारखेच गुन्हेगार दिसायचे. समता म्हणून लोक भाषणं ठोकतात, मीही ठोकतो. ती प्रत्यक्षात आलेली मी तेवढीच एक जागा पाहिली. वर कात्रीनं कापलेल्या आठ कॉप्या, कागदी पाकिटात.

मग सगळं मोबाईलवर आलं. लोक घरीच भिंतीला टेकून फोटो काढायला लागले, आणि एक दिवस कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा होता तो फहाद, येऊन चहा पिता पिता म्हणाला की स्टुडिओ खलास, इथं मोबाईलची कव्हरं विकायची. माणूस वाईट नाही. दोन महिने दिले. दोन महिन्यांत दुसऱ्या कोणी इकामा आपल्या नावावर घेतला तर ठीक, नाहीतर कायमची रवानगी. शौकतभाईची मुलगी झोया दहावीत. वर्षाच्या मध्यावर तिला उचलून कोकणात, कोर्लईशेजारच्या आपल्या गावात कुठल्या शाळेत घालणार? बायको हलिमा तेवढाच एक प्रश्न विचारायची, आणि रोज विचारायची.

तेव्हा जयदीप भेटला. टूर कंपनीचा मॅनेजर, मूळचा ठाण्याचा, दात एकदम कॅटलॉगसारखे. शाळांच्या सुट्टीत अकरा कुटुंबं लिस्बनला न्यायची होती. तो म्हणाला की फोटोग्राफर म्हणून या, ऑफिसच्या भिंतींसाठी आणि नव्या कॅटलॉगसाठी फोटो हवेत. "शहराचं कॅरेक्टर पकडून आणा, शौकतभाई. जमलं तर इकामा आमच्याकडे."

मी लोकांचे फॉर्म भरतो, लेबर ऑफिसात त्यांच्याबरोबर उभा राहतो, सातवीपर्यंत शिकलोय आणि त्यापुढचं शिक्षण खिडक्यांसमोरच्या रांगांत झालंय. म्हणून त्याला म्हटलं, जयदीपकडून हे लिहून घे. शौकतभाई म्हणाला, "लीडर, फोटो काढायला चाललोय, मोर्चाला नाय."

पुढचं मी पाहिलेलं नाही. अर्धं शौकतभाईच्या तोंडून कळलं आणि अर्धं हेमलताताईंच्या तक्रारीतून. हेमलताताई रियाधच्या, नवरा श्रीपाद बँकेत, दोघंही त्या टूरमध्ये.

पहिल्या दिवशी शौकतभाई शहाण्यासारखा वागला. पिवळी ट्राम, निळ्या नक्षीच्या फरशांच्या भिंती, टेकडीवरून दिसणारी लाल कौलं, सगळं टूरबरोबर हिंडून बघितलं. त्या टेकडीवर कठड्याशी एक ठरलेली जागा होती म्हणे, तिथं उभं राहायला रांग. पुढचा हटला की मागचा त्याच दगडावर पाय ठेवून तोच फोटो काढायचा. शौकतभाई वीस मिनिटं रांगेत उभा राहिला, नंबर आला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याला आत जयदीपच्या ऑफिसातलं कॅलेंडर दिसलं. जसंच्या तसं. न काढताच तो खाली उतरला.

"मना कळेना, हे पुन्हा काढून काय करू," तो मला म्हणाला. "आणि माणूस दिसतच नव्हता रे. मागं एवढं सगळं." सव्वीस वर्षं ज्यानं माणसामागचं जग पडदा टाकून पुसलं, त्याला जगाचा फोटो काढायला पाठवलं होतं. हलवायाला पोहायला पाठवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉटेलच्या गादीवरची पांढरी चादर काखेत मारून निघाला. बरोबर कात्री आणि स्टुडिओतला छोटा प्रिंटर, बॅटरीवर चालणारा. चढाच्या एका बोळात घराघरांसमोर कपडे वाळत होते. त्याच दोरीवर त्यानं चादर लटकवली आणि चिमटेही त्या घरातलेच वापरले. घराची मालकीण बाहेर आली, सत्तरीची, आणि त्यांच्या भाषेत आई-बापाचा उद्धार चालू केला. शौकतभाईच्या गावाशेजारी कोर्लईत ख्रिस्ती लोक अजून जुनी मोडकी पोर्तुगीज बोलतात. लहानपणी त्यांच्या पोरांबरोबर मासे पकडताना कानावर पडलेले चार शब्द त्यानं फेकले. शिव्या अर्ध्यावर सोडून ती बाई चारशे वर्षांपूर्वी होडीतून गेलेला कोणी चुलता परत आला असावा तसं बघत राहिली. तेवढ्यात त्यानं हातानं हनुवटी खाली करवली, कानावरचे केस मागं सारायला लावले, आणि टिपलं. पाच मिनिटांत आठ कॉप्या तिच्या हातात.

फुकट म्हटल्यावर युरोपही रांगेत उभा राहतो. मासळीवाली आली. ट्रामचा ड्रायव्हर सुट्टीतून उठून आला. आणि मग आली आपली माणसं. पर्यटकांना सार्डिनचे डबे विकणारा सिल्हेटचा दुकानदार, पाठीवर जेवणाची पेटी अडकवलेला नेपाळी, पंजाबमधले तिघं स्वैपाकी. सगळ्यांचे तिथल्या इकाम्याचे कागद अडकलेले, सगळ्यांना फोटो हवेच होते. हिंदीत धडाधड काम सुरू झालं. तीन दिवस. टूरवाले किल्ला बघत होते तेव्हा हा बोळात "कान दिसू दे" करत होता. संध्याकाळी टूरच्या मंडळींचे फोटो काढायचा, तेही त्याच चादरीसमोर, कारण हात आता बसला होता. हेमलताताईंनी दोन्ही हातांनी बदाम करून दाखवला. तो म्हणाला, हात खाली. हसायचं नाय.

एकशे त्र्याहत्तर चेहरे घेऊन तो परत आला. ट्राम एकच, तीही अर्धी.

जयदीपच्या ऑफिसात मी बरोबर गेलो होतो. जयदीपनं लॅपटॉपवर फोटो सरकवले, सरकवले, परत पहिल्यावर गेला. पांढऱ्यावर चेहरे. अजून पांढऱ्यावर चेहरे.

"शौकतभाई," तो म्हणाला, "लिस्बन कुठंय?"

"हेच," शौकतभाई म्हणाला.

जयदीप म्हणाला की हा बांगलादेशी, हा पंजाबी, हे तर शरफियात खाली उतरलं तरी मिळेल, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला? मग माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, तुझ्या कॅटलॉगमधलं लिस्बन झाडतं कोण, शिजवतं कोण, तिथं राहतं कोण? ट्राम राहते का तिथं? अजूनही बरंच म्हटलं, त्यात त्याच्या दातांबद्दलही होतं. जयदीप उभा राहिला आणि म्हणाला की इकाम्याचा विषय संपला. जिन्यात शौकतभाई एवढंच बोलला, "लीडर, माझी झोया दहावीत होती. तुझी नव्हती." मी आयुष्यात पुष्कळ साहेबांच्या शिव्या खाल्ल्यात. त्या पचतात.

नंतरचे पंधरा दिवस माझी तिसऱ्या मजल्यावर त्याच्या घरी जायची हिंमत झाली नाही. हलिमानं भांडी बांधायला घेतली, असं कळलं. झोयानं बापाला सांगितलं, "अब्बा, ट्रामवाला एक फोटो तो निकाल देते." आणि त्यावर तो हसला म्हणे, जे तो सहसा कोणाला करू देत नाही.

वाचवलं हेमलताताईंनी, आणि तेही वाचवायला म्हणून नाही. त्यांनी जयदीपला तक्रारीचा फोन केला होता. सुट्टीला गेले आणि या माणसानं माझा पासपोर्टचा फोटो काढला, ही तक्रार. त्यात भर म्हणजे पासपोर्टची मुदत संपत आली होती, त्यांनी रागारागानं तोच फोटो जोडला आणि तो पहिल्या फटक्यात पास झाला. मग बोलता बोलता त्या म्हणाल्या, "माझ्या मोबाईलमध्ये लिस्बनचे चारशे फोटो आहेत हो, सगळ्यांत मी हसतेय. त्या एकात माझे गुडघे दुखताना दिसतात. तेवढाच खरा आहे. काय चढ आहेत त्या गावात."

जयदीप व्यवहारी माणूस. त्याच महिन्यात त्याच्या सात गिऱ्हाइकांचे व्हिसाचे फोटो परत आले होते, घरी मोबाईलवर काढलेले, कानामागं सावली. गुडघे त्याला कळले असतील असं मला वाटत नाही. सावली कळली. त्यानं शौकतभाईला बोलावलं आणि म्हटलं, ऑफिसच्या कोपऱ्यात स्टूल टाका, व्हिसाचे फोटो तुम्ही काढा, इकामा घेतो. युरोप मात्र विसरा. आणि त्या लीडरला इथं आणू नका.

शौकतभाईनं दोन्ही अटी मान्य केल्या, दुसरी जरा लवकरच. आपली एकच अट घातली. स्टुलासमोरची भिंत माझी.

जयदीपला वाटलं, एका भिंतीनं काय बिघडतं. उरलेल्या तिन्हींवर ट्रामच आहेत, कुठून तरी विकत घेतलेल्या.

मला बंदी आहे, पण बंदी असलेल्या ऑफिसांची मला सवय आहे. परवा गेलो तेव्हा अल खफजीहून आलेला एक इंजिनिअर स्टुलावर बसला होता, लिस्बनच्याच व्हिसासाठी. समोर भिंतभर एकशे त्र्याहत्तर माणसं, कान बाहेर, तोंडं मिटलेली, सरळ त्याच्याकडे बघतायत. तो जरा चुळबुळला. ही कोण मंडळी, त्यानं विचारलं.

"लिस्बन," शौकतभाई कॅमेऱ्यामागून म्हणाला. "तुम्ही जाताय ना तिकडं, म्हणून बघतायत. हनुवटी खाली."