अस्वलसाहेबांची बंद वाट

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. "अस्वल समोर आलं तर काय करशील?"

माझ्या हातात चहाचा कप होता आणि झोप पुरती गेलेली नव्हती. मी खरं तेच सांगितलं. "पळेन."

त्यांनी आपला कप खाली ठेवला आणि माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बाजारातून बिनचाकाची सायकल उचलून आणली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पळायचं नाही. ते आपल्यापेक्षा जोरात पळतं. झाडावर चढायचं नाही, तेही चढतं. जागच्या जागी थांबायचं. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. हळू आवाजात बोलत राहायचं, म्हणजे त्याला कळतं की हा माणूस आहे. आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे."

"अहो, पोरीला आधी चहा तरी पिऊ द्या," सासूबाई आतून ओरडल्या. "अस्वल काही दारात उभं नाहीये."

बाबा, म्हणजे माझे सासरे, प्लायवूडच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. कारखाना रानाला खेटून. पूर्वी कधीतरी तिथल्या वॉचमनला अस्वलाने फाडलं होतं, तेव्हा मालकांनी घाबरून हे पद काढलं आणि बाबांना त्यावर बसवलं. त्यानंतर एकही अस्वल कारखान्याकडे फिरकलं नाही. त्यामुळे बाबांची मोठी पंचाईत झाली. ज्याचं काम नीट चाललं की काहीच घडत नाही, त्याने काम केलं हे दाखवायचं कसं? कामगार त्यांना अस्वलसाहेब म्हणायचे. तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतं अस्वल.

पुढे मीही त्याच कारखान्यात डिस्पॅचला लागले आणि बाबांची कवायत डोळ्यांनी पाहिली. कँटीनचा आचारी अंगाने दांडगा. त्याला काळं ब्लँकेट पांघरून लाकडांच्या थप्पीमागून सोडायचे. तो दिसला की सगळ्यांनी थांबायचं, हळू आवाजात "आम्ही माणसं आहोत, आम्ही जातोय" असं म्हणत मागे सरकायचं. तो अंगावर आलाच तर भुशात पालथं पडायचं, बोटं मानेमागे गुंफायची, पाय फाकवायचे, म्हणजे अस्वलाला आपल्याला उलथवता येत नाही. आचाऱ्याला हे काम मनापासून आवडायचं, कारण बिलाशिवाय जास्तीची भाजी मागणाऱ्यांच्या अंगावर तो आधी जायचा. कवायत इतकी अंगात मुरली की एकदा थंडीच्या दिवसांत आचारी बिचारा खरंच गारठून ब्लँकेट गुंडाळून बाहेर आला, तर माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यांच्या देखत अख्खं यार्ड भुशात आडवं झालं. व्यापारीही आडवे झाले. त्यांना वाटलं, इथली हीच पद्धत असेल.

मॅनेजरसाहेब त्या दिवसापासून बाबांच्या वाईटावर होते. त्यांचं म्हणणं एकच. "लांडगा आला रे आला करत तुम्ही नोकरी काढली. अस्वल आहे कुठे?"

"म्हणजे माझं काम बरोबर चाललंय," बाबा म्हणायचे.

 मग बाबांची निवृत्ती जवळ आली आणि मॅनेजरसाहेबांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. बाबांना अजून दोन वर्षं वाढवून मिळतील अशी आशा होती, आणि ती वाढ मॅनेजरच्या शब्दावर होती. आमच्या घरात पैशांची ओढाताण नव्हती, मी आणि नवरा दोघंही कमावत होतो. प्रश्न तो नव्हताच. बाबांना त्या कारखान्याबाहेर काही येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी हा माणूस घरातल्या खुर्च्यांना ठेच लागते का ते तपासत हिंडायचा. कामावरून काढलं तर हे महिन्याभरात झुरून जातील, असं सासूबाई मला भांडी घासता घासता सांगायच्या. नवऱ्याला जन्मभर टोमणे मारणारी बाई हे सांगताना माझ्याकडे बघायची नाही.

आणि नेमकं तेव्हाच अस्वल आलं.

आमच्या कॉलनीतून कारखान्याकडे जायला रस्ता आहे, पण तो लांबून फिरून जातो. सगळे मधल्या पायवाटेने जातात, झाडीतून, ओढ्याच्या कडेने. त्या संध्याकाळी बाबा आणि सासूबाई त्या वाटेने घरी येत होते. सासूबाई मी घरी विसरलेला डबा घेऊन कारखान्यात आल्या होत्या आणि परतताना बाबांच्या बरोबर निघाल्या. म्हणजे बाबा पुढे आणि त्या मागे. बाबांना बायकोसोबत रमतगमत चालणं कधी जमलं नाही.

ओढ्याच्या वळणावर, रानफळांच्या झुडपांत अस्वल. मादी. पायाशी दोन पिल्लं.

पुढचं सगळं मला सासूबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी आधी स्वयंपाकघराचं दार लावलं, मग फरशीवरच बसल्या आणि हसायला लागल्या. मला वाटलं यांना काहीतरी झालं.

"अगं, जन्मभर शिकवलं ना यांनी, 'आम्ही माणसं आहोत, आम्ही जातोय' म्हणायचं? ऐन वेळी तेच विसरले! तोंड उघडलं, आवाज येईना. मी यांच्या शर्टाचा मागचा भाग धरलेला. मग हे एकदम हळू, एकदम गोड आवाजात काय म्हणाले असतील? म्हणाले, गॅस बंद केला होतास का?"

"मग?"

"मग काय! मीही तितक्याच गोडीने म्हटलं, केला हो. मी तुमच्यासारखी विसरभोळी नाही. आणि एक पाऊल मागे. हे म्हणाले, तुझ्या भावाच्या लग्नात मी रुसून बसलो होतो, ते माझं चुकलं. एक पाऊल मागे. मी म्हटलं, चुकलं तर होतंच, पण आता राहू दे. हे म्हणाले, तू त्या दिवशी निळी साडी नेसली होतीस, छान दिसत होतीस. अगं, इतकं गोड हे माझ्याशी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बोलले. आणि तेसुद्धा अस्वलाच्या पायांकडे बघत!"

मादी एकदा मागच्या पायांवर उभी राहिली. बाबा बोलत राहिले, थांबले नाहीत, सासूबाईंना पाठीने मागे ढकलत राहिले. मग मादी खाली टेकली, नाकाने पिल्लांना लोटलं आणि झुडपांत गेली. वळणाआड गेल्यावर बाबांनी आवाज चढवून विचारलं, "शर्ट कशाला फाडलास?" तेव्हा सासूबाईंना कळलं की धोका टळला.

मला तर आनंदाने उडीच मारावीशी वाटली. आता मॅनेजरच्या नाकावर टिच्चून सांगता येईल! अस्वल आहे, आणि अस्वलसाहेबांनी शिकवलेलं सगळं खरं आहे, दोन माणसं ओरखडा न उमटता परत आली! वाढ खिशात पडल्यातच जमा होती.

पण बाबा बाहेरच्या खोलीत बसून होते. मी विचारलं, "सकाळी सांगणार ना मॅनेजरसाहेबांना?"

"सांगितलं तर तिला मारतील," ते म्हणाले.

तसा नियमच होता. कारखान्याच्या आसपास अस्वल दिसलं की शिकाऱ्याला बोलवायचं, आणि शिकारी मॅनेजरच्या ओळखीतलाच. नियम कोणी केला होता? बाबांनीच, नोकरीच्या पहिल्या वर्षी, अंगात दम होता तेव्हा.

"मग मारू देत की," सासूबाई दारातून म्हणाल्या. आता त्यांचं हसू पार गेलं होतं. "तिच्यापायी तुम्ही घरी बसणार? ती काय तुमची बहीण लागते?"

"ती उभी राहिली, पण अंगावर आली नाही. पिल्लं बरोबर असताना. ती तिच्या नियमाने वागली, आपण आपल्या. चुकलं कोणीच नाही. मग शिक्षा तिला का?"

"आणि उद्या तिने त्या वाटेवर एखाद्याला फाडलं म्हणजे?"

 इकडे आड, तिकडे विहीर. सेफ्टी ऑफिसरने अस्वलाची बातमी दाबायची म्हणजे काय, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

सकाळी कामगार नेहमीसारखे निघाले तर पायवाटेच्या तोंडाशी फळ्या ठोकलेल्या. त्यावर लाल रंगात, 'वाट खचली आहे. बंद.' आणि फळ्यांसमोर स्टुलावर बाबा. संध्याकाळी वाटेच्या दुसऱ्या टोकालाही तेच. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात रजेच्या अर्जावर खोटं कारण लिहिलं नाही, त्याने सगळ्या कारखान्याला दिसेल असं खोटं लाल रंगाने रंगवलं होतं, आणि वळणदार अक्षरात.

पुढचे दिवस मी काय काय ऐकलं ते विचारू नका. लांबच्या रस्त्याने पाय मोडतात म्हणून बायका बोटं मोडायच्या. कोणी म्हणे, जाताजाता सूड घेतोय म्हातारा. आचारी तर म्हणाला, "अस्वल मिळेना, म्हणून आता वाटेलाच अस्वल करून टाकलं." मी डिस्पॅचच्या टेबलाशी मान खाली घालून पावत्या फाडत बसायचे. खूप वेळा जिभेवर आलं होतं. पण घरी बाबांनी मला आणि सासूबाईंना शब्द द्यायला लावला होता.

मॅनेजरसाहेबांनी बाबांना ऑफिसात बोलावलं तेव्हा मी शेजारच्या टेबलाशीच होते.

"वाट कुठे खचली, मला दाखवा."

"धोका आहे, साहेब."

"कसला?"

"धोका आहे."

मॅनेजरसाहेब खुर्चीत मागे रेलले. त्या दिवशी ते चक्क माणसासारखे बोलले, हे मला सांगायला हवं. "हे बघा, आपलं पटत नाही, ठीक आहे. पण मालक माझं ऐकतात. वाट आज उघडा. कामगार खूश, मी खूश. मी लिहून पाठवतो की माणूस कामाचा आहे, दोन वर्षं राहू द्या. उघडता?"

बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हो म्हणतील. देवा, हो म्हणू देत, असं मी मनात म्हणत होते, अस्वल गेलं खड्ड्यात.

"नाही उघडता येणार, साहेब," बाबा म्हणाले.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बाबा पहाटेचे स्टूल उचलून निघाले तर त्या चप्पल घालून दारात उभ्या. "एका टोकाला तुम्ही बसता, दुसऱ्या टोकाला कोण? चला." त्या दिवसापासून कारखान्याकडच्या टोकाला सासूबाई बसू लागल्या. त्यांच्या तोंडाला लागून वाट ओलांडायची कोणाची छाती झाली नाही. त्या कामात त्या बाबांपेक्षा सरस निघाल्या.

निवृत्तीच्या आठवड्यात बाबा रोज सकाळी ओढ्यापर्यंत जाऊन बघून यायचे. जाताना मुद्दाम मोठ्याने बोलत जायचे, म्हणजे तिला आधीच चाहूल लागावी. एक दिवस परत आले तेव्हा चेहरा उजळलेला. झुडपांवरची फळं संपली होती. पाण्याजवळच्या ओल्या मातीत उमटलेले पाय पलीकडच्या डोंगराकडे गेले होते, मोठे आणि लहान, आणि परत आलेले नव्हते. तरी त्यांनी आणखी काही दिवस वाट पाहिली, खात्री करून घेतली, आणि शेवटच्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने फळ्या काढल्या.

निरोपाचा समारंभ कँटीनमध्ये झाला. कामगार त्याच वाटेने आल्यामुळे वेळेवर पोहोचले होते आणि मजेत होते. मॅनेजरसाहेबांनी शाल वगैरे काही आणली नव्हती, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाबांविषयी बरं बोलले. शेवटी त्यांना राहवलं नाही. माइक हातात धरून हसत म्हणाले, "अस्वलसाहेब, इतकी वर्षं अस्वलाची राखण केलीत, एक तरी पाहिलंत का हो?"

"नाही," बाबा म्हणाले.

सगळं कँटीन हसलं. आचारी तर टेबल बडवून हसला. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई अर्धवट उठल्या. आता या सगळं सांगून टाकणार, असं वाटून मी त्यांचा पदर धरला. मला स्वतःलाच वाटत होतं की त्यांनी सांगावं. पण पदर मी सोडला नाही.

"आणि ती वाट!" मॅनेजरसाहेब पुढे म्हणाले. "आज सकाळी उघडलीत म्हणे. अहो, हेच मी सांगितलं तेव्हा केलं असतंत, तर आज हा समारंभ झाला नसता. काय अडलं होतं?"

बाबांनी घड्याळ या हातातून त्या हातात घेतलं. "तेव्हा सुचलं नाही, साहेब."

लोक पुन्हा हसले. सासूबाई हळूच खाली बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, नवऱ्याची नोकरी गेली म्हणून रडतेय बिचारी.