सासूबाई, सासरे आणि गिझरचा फ्यूज

आमच्या घरात वस्तू सापडली नाही तर शोधायची नसते, सासूबाईंना विचारायची असते. काहीही इकडे तिकडे दिसलं की त्या ते जागच्या जागी ठेवणार. माझा अर्धा चहा ओतून, कप विसळून त्यांनी फळीवर लावलेला आहे. मी चिडते. त्या हसतात. जित्याची खोड, दुसरं काय!

सासरे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, पण घरातल्या यंत्राला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. गिझर तर त्यांचं शेंडेफळ. दरवर्षी टाकी रिकामी करून आतला क्षार खरवडतात. त्यांचा नियम एकच: आधी फ्यूज काढायचा आणि काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचा.

त्या दिवशी कॉइल बदलायची होती. भिंतीवरचं बटण चालूवरच अडकलेलं, त्यामुळे सगळी भिस्त फ्यूजवर. त्यांनी तो खिशात टाकला, टेस्टर लावून खात्री केली. जुनी कॉइल उपसताना टाकीच्या तळाचं गढूळ पाणी अंगावर आलं. ओला शर्ट बाहेर भिरकावून त्यांनी दुसरा चढवला आणि पुन्हा कामाला लागले.

मी गॅलरीत गेले तर सासूबाई तोच शर्ट वाळत घालत होत्या.

"खिसे कधी तपासतील तर शपथ! फ्यूज होता आत. लावून आले जागेवर."

मी तशीच आत धावले. न्हाणीघराचं दार सताड उघडं. सासरे स्टुलावर, नवी कॉइल बसवून झालेली, आणि ते वायरीचं उघडं टोक चिमटीत धरायला हात पुढे करत होते. ओरडले असते तर ते दचकले असते, आणि दचकलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. मी तोंड दाबून दाराजवळच्या फ्यूजच्या डब्याकडे धावले. घामानं बोटं निसटली. पुन्हा ओढलं. निघाला!

"बाबा, थांबा."

"आता काय?" ते खेकसत वळले. माझ्या हातात फ्यूज दिसला. त्यांनी आपला खिसा चाचपला, कोरडा, रिकामा. चेहरा पांढराफटक पडला.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं. मटकन खाली बसल्या.

"अहो, मी... मी नेहमीसारखा..."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. सासरे खाली उतरले, माझ्या हातातला फ्यूज घेतला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

"हा तुझ्याकडे. मी मागेन तेव्हा दे."

सासूबाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तशाच बसून राहिल्या. एक चप्पल उलटी पडली होती, तीसुद्धा त्यांनी सरळ केली नाही. वायरी जोडून झाल्या, झाकण लागलं, टाकी भरली. सासऱ्यांनी स्टुलावरूनच हात पुढे केला.

"आण इकडे."

सासूबाईंनी मूठ उघडली नाही.

"आधी तुम्ही खाली या," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.