मामांचा घसा आणि कंपनीची तार

महाराजांच्या अख्ख्या राज्यात हळू बोलणं ज्याला जमलंच नाही असा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा. मामांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात उभी. देवापुढे मनातलं मागायला गेले की साऱ्या गल्लीला ते कळे. गुळाच्या पेठेत व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून चोरून सौदा करत. मामा जाता जाता तो रुमालच उचलत. "हाताला थंडी वाजती व्हय?" मुंबईच्या गूळभावाची तार स्टेशनातून पेठेत पोचवायचं काम त्यांचं, आणि तो भाव ते वाटभर ओरडत येत. त्यामुळे कोडोलीहून गूळ आणणाऱ्या गाडीवानालाही व्यापाऱ्याइतकंच ठाऊक असे. त्याला कुणी फसवू शकत नसे.

मग एक कंपनी आली. तिनं स्टेशनापासून पेठेत टेलिफोनची तार ओढली. भाव आता फक्त वर्गणीदारांच्या कानात पडणार! गूळ शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा, आणि बातमीचे मालक कोण, तर मध्येच टेलिफोनची नळी धरून बसणारे! मी चिडून पत्रक छापलं. त्याच संध्याकाळी कळलं, स्टेशनातून नळीत भाव सांगायला कंपनीनं पगारावर ठेवलंय ते मामांना. अट एकच, रस्त्यात ओरडायचं नाही.

"मामा, गळा विकलात?"

"वराडतोस कशाला भाच्या? हळू बोल की!" मामा गरजले.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकं घेऊन पेठेत उभा राहिलो. घंटी वाजली. वर्गणीदार शेठनं नळी कानाला लावली आणि किंचाळून खाली टाकली. स्टेशनाकडून भाव वाऱ्यावर चालत आला होता, सगळ्यांना एकदमच.

"ऐकलासा न्हवं, शेठ?" गाडीवान हसला. "आता काढा रुमाल."

कंपनीचा साहेब मामांवर धावला. "हळू बोला! आवाज तार नेते!"

"सायेब, एवढ्या बारीक तारंतनं एवढा भाव जातोय व्हय? अर्धा मीच ढकलतोय की!"

कंपनीनं खिडक्या लावल्या, घोंगडं टांगलं, व्यर्थ. कामावरून काढलं, तर मामा पुन्हा रस्त्यात ओरडायला मोकळे! फुकट ऐकू येणाऱ्या भावाला वर्गणी कोण देणार? कंपनीनं तार गुंडाळली. मला इतकं हायसं वाटलं की उरलेली पत्रकं आईला चुलीसाठी देऊन टाकली.

यंदाच्या थंडीत मामांचा घसा बसला, तो बसलाच. परवा कोडोलीच्या गाडीवानानं बैल थांबवले, तार घेऊन येणाऱ्या मामांच्या तोंडाशी कान नेला, मग गाडीच्या साटीवर उभा राहून भाव पुढच्या गाडीला ओरडून सांगितला. त्या गाडीनं तिच्या पुढच्या गाडीला. मी काही बोलणार, तर मामांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि आवाज पेठेच्या टोकाला पोचेपर्यंत ऐकत राहिले.